साहेबांची इर्जिक

निवृत्त झाल्यापासून मला अधूनमधून कुठल्या ना कुठल्या कारखान्यात भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो: कामगारांनी जास्तीच्या वेळेला राजीखुशीनं थांबावं म्हणून काय करावं. मी इस्त्रीचा शर्ट घालून जातो, फळ्यावर चार गोष्टी लिहितो, टाळ्या वाजतात, आणि मी चहा-बिस्किटं खाऊन घरी येतो. या बाबतीत मला खरोखर जे ठाऊक आहे ते मी तिथं एकदाही सांगितलेलं नाही. एकतर ते ऐकून कुणी पुन्हा बोलावणार नाही. आणि दुसरं म्हणजे सांगताना माझा आवाज धड राहणार नाही, आणि या वयात परक्या लोकांसमोर रडायची माझी इच्छा नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. चिंचवड स्टेशनच्या पलीकडं, जिथं तेव्हा बाभळी आणि ज्वारीची रानं होती, तिथं बोल्टचा एक लहानसा कारखाना होता. दोन पत्र्याच्या शेड, एक भट्टी, चार प्रेस आणि आटे पाडायची सहा यंत्रं. सळई भट्टीत लाल करायची, प्रेसखाली तिचं डोकं ठोकायचं आणि निवल्यावर आटे पाडायचे. त्या खात्यावर मी सुपरवायझर होतो, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिन्यांनी एकतर कायम, नाहीतर घरी.

घरी म्हणजे कुठं, हे सांगायला हवं. त्याआधी दीड वर्ष मी बेकार होतो, आणि ते दीड वर्ष मी, माझी आई आणि माझी बायको, आम्ही पुण्यात बहिणीच्या दोन खोल्यांत काढलं होतं. मेहुणे वाईट नव्हते. ते कधी काही बोलले नाहीत. पण माझ्या ताटात तिसरी पोळी वाढताना बहीण आधी नवऱ्याकडं बघायची, आणि ते एकदा दिसल्यावर मी दोन पोळ्या झाल्या की ताटावर हात आडवा धरायला शिकलो. बायको एकीवरच थांबायची. आई म्हणायची, आज माझी एकादशी आहे. महिन्यात तिच्या सात-आठ एकादश्या होत. शेजारीपाजारी आमच्याबद्दल बहिणीला विचारायचे, "तुमच्याकडचे पाहुणे अजून आहेत वाटतं?" दीड वर्ष आम्ही पाहुणे होतो. पाहुणा या शब्दाचा मला इतका धसका बसला होता की चिंचवडला भाड्याची खोली घेतली त्या दिवशी बायकोनं माझ्या ताटात एकदम चार पोळ्या टाकल्या आणि मी त्या संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

त्या खोलीत येऊन चार महिने झाले होते. तेवढ्यात रेल्वेच्या बोल्टची मोठी ऑर्डर आली. आमचे मॅनेजर सभ्य गृहस्थ, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "सहा रविवार जास्तीचं काम झालं तर माल वेळेवर जातो. माल गेला की तुम्ही कायम. नाही गेला, तर तुमचे सहा महिने संपतातच आहेत. मला वेगळं काही करावंच लागणार नाही." मी तो चहा अर्धा तसाच ठेवून उठलो.

आणि इथं माझी माणसं. प्रेस आणि यंत्रं मिळून अकरा जण, सगळे आसपासच्या गावांतले: कुरुळी, मोशी, चिखली, देहू. सकाळी सायकली हाणत यायचे, दिवसभर मान मोडून काम करायचे आणि पाचचा भोंगा झाला की निघायचे. भांडण नाही, तंडण नाही. मी विचारायचो, रविवारी येणार का? "व्हय की साहेब." आणि रविवारी खात्यात मी एकटा. दुप्पट पगार सांगून झाला. "बरं हाय," म्हणाले, आणि आले नाहीत. जिलबी वाटली, ती खाल्ली. देश उभारायचा आहे असं भाषण केलं, ते उभं राहून ऐकलं आणि पाचला गेले. मग मी एक फळा टांगला आणि रोज ज्याचं काम सगळ्यात जास्त त्याचं नाव खडूनं वर लिहायला लागलो. पहिल्या दिवशी ज्याचं नाव लागलं तो इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम हात आवरून काम केलं आणि नाव खाली आल्यावरच बिचारा मोकळा श्वास घेऊ लागला. तो फळा मी स्वतःच काढून भट्टीत घातला. दोन रविवार असेच वाया गेले. रात्री आईचं खोकणं ऐकू आलं की मी मनात सामान बांधायला लागायचो.

तिसऱ्या रविवारी मी ठरवलं की एकेकाच्या घरी जाऊन हातापाया पडायचं. सायकल काढली आणि नाशिक रस्त्यानं इंद्रायणी ओलांडून कुरुळीच्या बाजूला लागलो. चैत्रातलं ऊन. रस्त्याकडच्या एका रानात नांगर चालले होते, एक नाही, तीन, आणि प्रत्येकाला चार-चार बैल. नांगरामागं माझी माणसं होती. अकराच्या अकरा. जी माणसं मला दुप्पट पगारात एक रविवार देत नव्हती ती त्या उन्हात ढेकळं फोडत होती आणि वर हसत होती. मला इतका संताप आला की मी सायकल बांधावरच आडवी टाकली.

मोठ्या प्रेसवरचे कामगार, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते माझ्याकडं आले. पन्नाशीचे असतील. गळ्यात तुळशीची माळ, आणि भट्टीच्या धगीनं भुवया कायमच्या भाजलेल्या. मी विचारलं, इथं किती मिळतं? आबा हसले. "कायबी न्हाई, साहेब. इर्जिक हाय ही." आणि मला उभ्या उभ्या समजावलं. ज्याचं रान मोठं आणि बैल कमी तो आवतण धाडतो. लोक आपापले बैल घेऊन येतात, दिवसभर राबतात, संध्याकाळी तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी कुणी घेत नाही. "पैशासाठी कोन येतंय? बोलावल्यावर यायाचं."

मी जिल्ह्याच्या गावातल्या कारकुनाचा मुलगा. नांगर मी लांबूनच पाहिलेला. पण बुडत्या माणसाचं डोकं भलतं चालतं. परत येताना निम्म्या वाटेवर मी सायकल वळवली आणि त्यांची जेवणं उरकल्यावर रात्री अकराही घरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "पुढच्या रविवारी माझी इर्जिक आहे," म्हणालो. "कारखान्यात. जेवायला पुरणपोळी." काही जण खो खो हसले. एकाची म्हातारी आतून म्हणाली, "साहेबाची इर्जिक! बैल हायती का साहेबाकडं?" पण नाही कुणीच म्हटलं नाही.

ते आले. सगळे आले, सातच्या ठोक्याला. माझ्या बायकोनं शेजारणीचा पाटा-वरवंटा आणला होता आणि पहाटेपासून पुरण वाटून तिचे दंड भरून आले होते. मीही यजमान म्हणून बाजूला उभा राहिलो नाही. भट्टीतून लाल सळया चिमट्यानं उचलून प्रेसपर्यंत पोचवायचं काम घेतलं, आणि दुपारपर्यंत माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. ते फोड आबांनी धरून पाहिले, सगळ्यांना दाखवले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यातला परकेपणा गेला. दुपारी प्रेसच्या मधल्या जागेत गोणपाटं अंथरून आम्ही एका ओळीत जेवलो. भोंगा कधी झाला ते कुणी पाहिलंच नाही. मॅनेजर सोमवारी पेट्या मोजून म्हणाले, "काय जादू केलीत?" जास्तीचा पगार ठरल्याप्रमाणे सगळ्यांना मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पगारासाठी आले नव्हते हे मला माहीत होतं आणि त्याचाच मला गर्व चढला.

त्या गर्वात मी दुसऱ्या रविवारचंही आवतण देऊन टाकलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, एका मानसाची इर्जिक एकदाच आसती. मग फेड. फेडल्याबिगर दुसऱ्यांदा बोलवायचं न्हाई. तुमास्नी ठावं नसंल."

सहा रविवारांपैकी पाच अजून बाकी होते. मी म्हणालो, "आबा, ही सगळी मिळून एकच धरा. एक सहा रविवारांची इर्जिक. मी फेडीन." आणि मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं: सहा महिन्यांची बोली, बहिणीच्या खोल्या, आईच्या एकादश्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फेड म्हंजे काय, कळतंय न्हवं? ज्याचं आवतन येईल त्याच्याकडं जायाचं. हात घ्यून." मी म्हणालो, येईन. शपथेवर म्हणालो.

"मग पयलं आवतन माजं," ते म्हणाले. "माजा एक बैल गेला माघात. एका बैलावर रान न्हाई होत. म्या वैशाखातला रविवार धरला हुता. ऱ्हाऊ द्या. तुमचं संपू द्या, मग मृगाच्या आदला रविवार धरतो. त्याच्यापुढं न्हाई ढकलता यायाचं."

असे सहा रविवार झाले. बायकोनं सहा वेळा पुरण वाटलं. माल पेट्यांत भरून स्टेशनावर गेला आणि मी बायकोला म्हणालो की आता आईसाठी एक खाट घेऊ.

शनिवारी, आबांच्या इर्जिकीच्या आदल्या दिवशी, दुपारी मालाच्या शेवटच्या पेट्या परत आल्या. नट बसत नव्हता. सळईवर आटे कापणाऱ्या पोलादी डाय झिजल्या होत्या आणि त्या बदलायला दोन-तीन तास यंत्रं बंद ठेवावी लागली असती म्हणून मीच त्या शेवटचे आठ दिवस तशाच चालवल्या होत्या. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. मॅनेजरांनी तेव्हाही आवाज चढवला नाही. टेबलावरचा एक लिफाफा बोटानं दाखवला. "तुमचं कायमचं पत्र. सोमवारी सकाळी रेल्वेचा तपासनीस येतोय. माल पास झाला की सही करतो." रविवारचा एकच दिवस मध्ये होता.

मी सायकल काढली. कुरुळीला पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. आबांच्या अंगणात नांगर ओळीनं मांडले होते. दुसऱ्या गावांतल्या दोन-तीन जोड्या आधीच येऊन दावणीला लागल्या होत्या, त्यांच्यापुढं वैरण पडली होती. बायका डाळ निवडत होत्या. मला पाहिल्याबरोबर आबा उठले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथंच मरण यावंसं वाटलं. ते बाकीच्यांना मोठ्यानं म्हणाले, "बगा, म्हनलो न्हवतो? साहेब यील म्हनून? आदल्या दिशीच आलं!" माणसं हसली. कुणीतरी माझी सायकल धरली. आबांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी तांब्या हातात धरून सगळं बोललो. डाय, परत आलेला माल, तपासनीस, लिफाफा. बोलता बोलता रडलो. उद्या या असं तोंडानं म्हणायचं धाडस मला झालं नाही, पण मी तेवढ्यासाठीच आलो होतो आणि ते अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. डाळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक जण म्हणाला, "आवो पण मृग चार दिसांवर आलाय, साहेब." त्याला आबांनी हातानं गप्प केलं. मला फक्त म्हणाले, "तुमी जावा घरी. पानी प्या आन् जावा."

मी घरी गेलो. बायकोला काही सांगितलं नाही. ती विचारत होती की उद्या कुरुळीला जाताना कुठली जुनी धोतरं नेणार.

रविवारी सहापासून मी फाटकात उभा होतो. सात वाजले, साडेसात वाजले. मी मनात बहिणीला पत्र लिहायला घेतलं होतं. आठच्या सुमाराला रस्त्यावर एक बैलगाडी दिसली, आणि तिच्या मागं सायकली. गाडीत आबा बसले होते आणि त्यांच्यापुढं फडक्यानं झाकलेल्या दोन पाट्या आणि एक मोठं पातेलं. अकराही जण आले होते. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, पण कुणी रागही दाखवला नाही. आबा खाली उतरले, पाट्या उतरवल्या आणि म्हणाले, "सैपाक झालाच हुता. मानसंबी गोळा झाली हुती. म्हनलं, चला."

"आबा, तुमचं रान?"

"रान कुठं जातंय," ते म्हणाले आणि आत जाऊन यंत्रापाशी उभे राहिले.

नव्या डाय लावल्या. दिवसभर आम्ही एकेक बोल्ट पुन्हा आटे पाडायच्या यंत्रावर चढवला. दुपारी गोणपाटं अंथरली. आबांच्या बायकोनं त्यांच्या रानासाठी केलेल्या पुरणपोळ्या आम्ही प्रेसच्या मधल्या जागेत बसून खाल्ल्या. पहिली पोळी आबांनी माझ्या पानात वाढली.

सोमवारी माल पास झाला. मॅनेजरांनी सही केली, हात मिळवला आणि म्हणाले, "ती तुमची इर्जिक की काय, छान युक्ती आहे. पुढच्या ऑर्डरलाही लावा." मी हो म्हणालो. पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि दिवसभर तिथं हात लावून पाहत राहिलो. आनंद झाला, खोटं का बोलू? आईनं ते पत्र देवापुढं ठेवलं आणि त्या आठवड्यातली एकादशी मोडून जेवली.

पुढच्या रविवारी मी कुरुळीला निघालो. जाताना बाजारातून एक नवी कुदळ घेतली, कारण नांगर धरायला मला येत नव्हतं आणि हात घेऊन जायचं कबूल केलं होतं. तोवर मृग लागला होता. वाटेत दोन्ही बाजूंच्या रानांतून जोड्या चालल्या होत्या. ज्याच्या त्याच्या बैलांना आता ज्याचं त्याचं काम होतं. आबांच्या रानाकडं यायला कुणाची जोडी मोकळी नव्हती, आणि राहणारही नव्हती.

रान तसंच पडलं होतं, कडक, मागच्या पिकाच्या धसकटांसकट. एका कोपऱ्यात आबा आणि त्यांची बायको कुदळीनं खणत होते. आठवडाभर कामावरून आल्यावर ते खणत असणार, कारण दोन-तीन खाटा मांडता येतील एवढा तुकडा उलटला होता. बाकी सगळं रान समोर होतं. बांधावर उरलेला एकटा बैल उभा होता.

मी चपला काढल्या आणि कुदळ उचलली. दोन घाव घातले असतील नसतील, तोच आबा आले आणि त्यांनी माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या, साहेब."

"आबा, माझी फेड आहे ही."

"फिटली म्हना की. कागद मिळाला न्हवं तुमास्नी?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला धरून राहिलो असतो. "म्हातारी जेवती न्हवं आता? झालं तर मग. तुमी आता पाव्हणं."

मी हात जोडले. म्हणालो, मला खणू द्या, नाहीतर शिव्या द्या, पण हे नको. ते हसले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बायकोला हाक मारली, "आगं, पाव्हण्यास्नी पाट मांड."

तिनं कुदळ ठेवली, हात धुतले आणि माझ्यासाठी घरात गेली. ज्या कामाला मी हात द्यायला आलो होतो, त्या कामातले दोन हात माझ्यामुळं कमी झाले. त्यांच्या घरात त्या दिवशी भाकरी होती. माझ्यासाठी तिनं डब्यातून गहू काढून दळले, मी उंबऱ्यात बसून जात्याची घरघर ऐकत होतो. मग पाट मांडला, ताटाभोवती बोटानं पाणी फिरवलं आणि पोळ्या वाढल्या. दोन झाल्यावर मी सवयीनं ताटावर हात आडवा धरला.

"लाजू नका, पाव्हणं," ती म्हणाली आणि माझा हात बाजूला करून तिसरी वाढली.

बाहेर आबा माझ्या नव्या कुदळीनं खणत होते. एकेक घाव आत ऐकू येत होता. मी तिसरी पोळी खाल्ली.